पावनं, कुठवर?

रेल्वेच्या तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं, वय असतं, डब्याचा आणि बर्थचा नंबर असतो. टीसीला एवढी माहिती पुरते. सहप्रवाशांना पुरत नाही. किंबहुना यातली एकही गोष्ट त्यांना नको असते. त्यांना कळायला हवं असतं ते एवढंच की तुम्ही उतरणार कुठं. ते एकदा कळलं की तुमचं नाव, शिक्षण, हुद्दा सगळं रद्द. तिथून पुढं तुम्ही 'कराडवाले' होता, 'मनमाडवाले' होता, बाई असाल तर 'बडनेऱ्याच्या काकू' होता, आणि उतरेपर्यंत तीच तुमची ओळख राहते.

हा प्रकार सावकाश आणि साग्रसंगीत पाहायचा तर कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी गाडी नाही. दुपारी कोल्हापुरातून निघायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला टेकायचं, १३०० किलोमीटरांच्या वर अंतर तोडायचं आणि एवढं करून राज्याची हद्द काही ओलांडायची नाही, असा तिचा खाक्या. उसातून निघते, केळीतून जाते, कापसातून पुढं सरकते आणि धानाच्या बांधावर जाऊन थांबते. नाव महाराष्ट्राचं, पण मुंबईच्या वाटेला जात नाही. त्यामुळं डब्यात निवांत माणसांची वस्ती होते. ज्याला घाई असते तो पुण्याला उतरून जातो. माझी सासुरवाडी अकोल्याची, त्यामुळं या गाडीशी माझा घरोबा लग्नापासूनचा.

"पावनं, कुठवर?" हा प्रश्न गाडीनं कोल्हापूरचा प्लॅटफॉर्म सोडायच्या आत येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात इतकी माया असते की नवख्याला वाटावं, यांना आपली काळजी आहे. काळजी असतेच, पण ती आपल्या बुडाखालच्या जागेची. तुम्ही 'मिरज' म्हणालात तर समोरच्याचा चेहरा उजळतो. तासाभरात खिडकी मोकळी होणार. 'पुणे' म्हणालात तर तो नुसती मान डोलावतो. 'अकोला' म्हणालात की विषय संपला. "अकोला? म्हंजे उद्यापातूर की ओ!" असं म्हणून तो पलीकडच्या खिडकीकडं वळतो आणि तिथल्या माणसाला तितक्याच मायेनं विचारतो, "पावनं, तुमी कुठवर?"

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. १४ डबे, ४००च्या आसपास निमंत्रित पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. सगळे ठाण्यालाच निघालेले, कारण त्यापुढं रूळच नव्हते. तरीसुद्धा त्या चारशेंपैकी एखाद्यानं तरी शेजाऱ्याला 'आपण कुठपर्यंत?' असं विचारलंच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पुढच्या चौकशीचा क्रम ठरलेला. मूळ गाव कुठलं? आडनाव काय? आडनाव सांगितलं की क्षणभर शांतता, मग "म्हंजे ते कडेगावकडचे का?" असा वरून भूगोलाचा, पण आतून निराळ्याच विषयाचा प्रश्न. नोकरी कुठं? परमनंट का? जुनी पेन्शन का नवी? या शेवटच्या प्रश्नावर माणसाची डब्यातली पत ठरते. १ नोव्हेंबर २००५च्या आधी सरकारी नोकरीला लागलेला माणूस निघाला, तर त्याला न मागता खिडकीकडं सरकायला जागा मिळते. त्यानंतर घर स्वतःचं का, हप्ता किती, मुलगा काय करतो, मुलीचं कुठं जमलं का. बायकोच्या थायरॉइडपर्यंत सगळं विचारून होतं, पण नाव काय, हे कुणी विचारत नाही. त्याची कुणाला गरजच पडत नाही.

मागच्या खेपेला आमच्या खणात आठ बर्थवर जी मंडळी जमली, ती या दृष्टीनं नमुनेदार होती. खालच्या एका बर्थवर वर्ध्याला लेकीकडं निघालेल्या आजी. समोरच्या खालच्या बर्थवर कोपरगाववाले, म्हणजे एक निवृत्त तलाठी. आजींच्या डोक्यावर मधल्या बर्थचे मानकरी मनमाडवाले. तलाठ्यांच्या डोक्यावर मी. माझ्या वर कानात हेडफोन घातलेला एक नागपूरवाला पोरगा, जो कोल्हापूरला चढला तो सरळ वर जाऊन आडवा झाला आणि 'नागपूर' या शब्दापलीकडं काही बोलला नाही. पॅसेजच्या बाजूच्या खालच्या बर्थवर जळगाववाले आणि बडनेरावाले असे दोघं आरएसीचे प्रवासी समोरासमोर बसलेले. आरएसी म्हणजे रेल्वेनं लावलेलं लग्न. ओळख ना पाळख, एका बर्थवर दोघं, आणि पाय कुणी कुठं पसरायचे यावर पहिल्या तासात तंटा.

स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान फुकट नेता येतं. हा नियम ज्यानं केला त्याची लेक दूर दिलेली नसावी. आजींबरोबर गुळाच्या दोन ढेपा, काकवीची बरणी, कांदा-लसूण चटणीचा पत्र्याचा डबा, शेंगांचं एक गाठोडं आणि गोणपाटात शिवलेलं काहीतरी चौकोनी, जड असं होतं. ते बर्थखाली ढकलायला आम्ही तिघं लागलो.

"आजी, यात काय आहे?" मी धापा टाकत विचारलं.

"पाटा हाय. तिकडं मिक्सरवर वाटतोय सगळं. चव लागंना."

"आणि वरवंटा?"

"वरवंटा मागल्या खेपंला पोचवलाय."

याच्या अगदी उलट मनमाडवाले. त्यांच्याकडं एकच रेक्झिनची बॅग, तीही अर्धी रिकामी. पण त्या बॅगेला त्यांनी बर्थच्या पायाशी साखळीनं असं जखडलं होतं की बॅगेपेक्षा साखळीच महाग असावी. पितळी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली कुठंतरी आत सारली आणि मग डब्यातल्या प्रत्येकाकडं एकेकदा पाहून घेतलं. त्या नजरेनं मला उगाचच आपण चोर असल्यासारखं वाटू लागलं.

मिरज-सांगलीच्या टापूत 'टेकणारे' येतात. यांच्याकडं रिझर्वेशन नसतं, आणि मागणीही काही नसते. "जरा टेकतो, सांगलीला उतरायचंय." टेकणारा सुरुवातीला बर्थच्या कडेवर चार बोटं जागा घेतो. एका स्टेशनात ती वीतभर होते. दुसऱ्यात तो पाठ टेकतो. तिसऱ्यात तो तुम्हालाच "वाईच सरका की" म्हणतो आणि तुम्ही सरकता, कारण एव्हाना त्याच्या भावाला मुलगा झाल्याचे पेढे तुम्ही खाल्लेले असतात. सांगली मागं पडली तरी तो बसलेला असतो. कुणी विचारलंच, तर म्हणतो, "आता किर्लोस्करवाडीलाच उतरतो. तिथनं बरं पडंल."

त्या खेपेला सांगलीला एक सातारावाले चढले आणि आमच्यात टेकले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फोन. बसल्या बसल्या त्यांनी फोन लावला आणि लगेच सगळ्या खणाचं संभाषण आपोआप थांबलं. रेल्वेत फोनवर बोलणारा माणूस असं धरून चालतो की ऐकू येत नाही ते पलीकडच्याला. त्यामुळं सगळं खणखणीत.

"गुंठ्याला तीन? तीनला कोण देतंय! रस्ता लागून हाय म्हणावं… हां, अण्णाची सही झाली… दादाची मी घेतो… भैनी? भैनींचं काय न्हाई ओ, दोघींचं हक्कसोड करून घ्यायचं. रक्षाबंधनाला येत्यात, तवा साडी-चोळी करू आन् सह्या घिऊ. त्या काय मागत न्हाईत."

फोन खाली आला. डब्यात चाकांचा तेवढा आवाज. आजी चष्म्यावरून सातारावाल्यांकडं बघत होत्या.

"का ओ दादा, भैनींच्या सह्या साडीवर घेताय व्हय?"

सातारावाले दचकले. "तसं न्हाई आजी. त्या मागतच न्हाईत."

"मागत न्हाईत म्हंजे नगं असतंय व्हय? मीबी न्हाई मागितलं कदी. भावानं इरकल घेतली, मी अंगठा दिला. साडी फाटून पोतेरं झालं. रान हाय तिथंच हाय."

आता तलाठ्यांना राहवेना. आयुष्यभर सातबारा लिहिलेला माणूस, आणि समोर एवढं मोठं प्रकरण उघड्यावर पडलेलं. त्यांनी घसा खाकरला. "वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्रात १९९४ पासून मुलींना समान हिस्सा आहे. केंद्रानं नंतर २००५ साली केला. हक्कसोड म्हणजे त्यांनी राजीखुशीनं सोडायचा असतो. रजिस्टर करावं लागतं. राखीच्या ताटात सह्या घेऊन भागत नाही."

"पण मागत न्हाईत म्हणल्यावर…" सातारावाल्यांनी मदतीसाठी इकडं तिकडं पाहिलं. आरएसीचे दोघं पायांचा तंटा विसरून पहिल्यांदाच एका बाजूला झाले होते आणि ती बाजू बहिणींची होती. मनमाडवाले तर म्हणाले, "माझ्या मेव्हण्यानं असंच केलं." हे ते ज्या सुरात म्हणाले, त्यावरून पुढं काय झालं ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

कराड गेलं तोवर सातारावाल्यांचा गुंठ्याचा दर, एकूण रान, त्यातली विहीर, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं दुखणं आणि धाकटीच्या पोराची फी एवढं सगळं डब्याला पाठ झालं होतं. रहिमतपूरच्या आसपास ते फोन घेऊन दरवाजाकडं गेले. काय बोलले ते कळलं नाही. दरवाजात उभं राहून हळू बोलणं हा आम्हाला सगळ्यांना विश्वासघात वाटला. साताऱ्याला ते घाईनं उतरले. कुणाचा निरोपही घेतला नाही.

पण दावा चालू राहिला. वादी नाही, प्रतिवादी नाही, तरी साक्षी, युक्तिवाद, उलटतपासणी सगळं झालं. विहिरीचं काय करायचं, हा मुद्दा फार वेळ रेंगाळला. अखेर लोणंद आणि नीरेच्या मधे निकाल लागला: दोन्ही बहिणींना सारखा वाटा, विहीर सामाईक, आणि आजारी मेव्हण्यासाठी रस्त्यालगतचे दोन गुंठे जास्तीचे. हा निकाल सातारावाल्यांना कधीच कळणार नाही, पण तो लागल्यावर डब्याला सपाटून भूक लागली.

रेल्वेतल्या जेवणाचा एक अलिखित विधी आहे. डबा उघडणाऱ्यानं "घ्या की" म्हणायचं. दुसऱ्यानं "नको नको, आत्ताच झालं" म्हणायचं. हे दोनदा झाल्यावर तिसऱ्या वेळी "बरं, चवीपुरतं" म्हणून हात पुढं करायचा. जो पहिल्याच वेळी घेतो तो अधाशी, जो तिसऱ्या वेळीही घेत नाही तो शिष्ट. आजींना हा विधी मान्य नव्हता. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, भाकरीचे चतकोर केले, त्यावर झुणका आणि हिरव्या मिरचीचा खर्डा ठेवला आणि 'घ्या की' न म्हणता प्रत्येकाच्या हातात एकेक चतकोर ठेवत गेल्या. वरच्या बर्थवरच्या नागपूरवाल्याकडंही एक गेला. त्यानं हेडफोन न काढता तो घेतला. क्षणभरानं वरून जो ठसका आला त्यावरून पोरगा नागपूरचा असूनही कोल्हापूरचा खर्डा त्याला भेटला नव्हता हे कळलं. "पाणी द्या त्येला," आजी म्हणाल्या, "आन् अजून भाकरी हाय."

जेवणं झाली आणि मधल्या बर्थचा प्रश्न निघाला. मधला बर्थ हा फळीवर केलेला अन्याय आहे. तो उघडला की खालच्याला मान सरळ ठेवता येत नाही, आणि मिटला की मधल्याला झोपायला जागा नाही. म्हणून रेल्वेनं कायदा केला. पूर्वी झोपायची वेळ रात्री ९ ते सकाळी ६ होती, २०१७ पासून ती १० ते ६ केली. माझे डोळे नऊलाच मिटायला लागले होते. मी बर्थच्या साखळीकडं नुसता हात नेला.

"अजून सव्वा नऊ झालेत," खालून तलाठी म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त नियम होता.

मग मी आणि मनमाडवाले, दोघं मधल्या बर्थचे मालक, समोरासमोर बसून पेंगत राहिलो. तलाठी ताठ बसून खिडकीबाहेरच्या काळोखाकडं पाहत होते. त्यांनाही झोप आली होती हे उघड दिसत होतं, पण कायद्यानं मिळालेली पाऊण तासाची बैठक ते सोडणार नव्हते. बरोबर दहा वाजता ते उठले, माझा बर्थ स्वतःच्या हातानं वर करून साखळीत अडकवला आणि म्हणाले, "आता झोपा. सकाळी सहापर्यंत तुमच्या बर्थला कुणी हात लावू शकत नाही."

एवढा भक्कम कायदा पाठीशी घेऊन मी आडवा झालो, आणि गाडी पुण्यात शिरली.

रात्री पुण्याला चढणारा प्रवासी झोपलेल्या डब्यात मोबाइलचा टॉर्च लावून येतो आणि प्रत्येक बर्थचा नंबर मोठ्यानं वाचतो. आमच्या खणात एक भुसावळच्या ताई आल्या, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. त्यांचा बर्थ आजींच्या बाजूचा सगळ्यात वरचा. त्यांनी टॉर्चचा झोत वर नेला, खाली आणला आणि तलाठ्यांच्या तोंडावर स्थिर केला.

"काका, तुम्ही वर जाल का? माझे गुडघे दुखतात हो."

खालच्या बर्थवर झोपलेल्या माणसाभोवती साऱ्या डब्याचे गुडघे दुखायला लागतात, हा जुना अनुभव आहे. पण तलाठी तयारीचे होते. डोळे न उघडता ते म्हणाले, "साठीच्या वरच्या पुरुषांना आणि पंचेचाळिसाच्या वरच्या बायकांना जागा असेल तर संगणकच खालचा बर्थ देतो, ताई. तुम्हाला पंचेचाळीस पूर्ण असतील तर काहीतरी चूक झाली असणार. टीसीला बोलावू का?"

ताई काही क्षण गप्प राहिल्या. एका बाजूला गुडघे, दुसऱ्या बाजूला वय, आणि सगळा डबा जागा. मग त्यांनी चपला काढल्या आणि शिडीच्या पायऱ्या अशा काही झपाझप चढल्या की गुडघ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दौंडच्या सुमाराला तलाठ्यांना जाग आली. त्यांना रेल्वेतलं सगळं माहीत होतं, आणि ज्याला सगळं माहीत असतं त्याला झोप कमी. पूर्वी पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून उलट्या टोकाला लावत. जाग आलेल्या माणसाला वाटायचं, गाडी परत पुण्याला निघाली. दौंडला बाहेरून वळसा घालणारी कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा हा घोळ संपला. हे सगळं तलाठ्यांनी जळगाववाल्यांना कुजबुजत सांगितलं. जळगाववाले फोनवरच्या अॅपमध्ये गाडी कुठं आहे ते बघत होते. अॅप एक स्टेशन म्हणत होतं, तलाठी काळोखात बघून दुसरंच सांगत होते. थोड्या वेळानं पाटी दिसली आणि तलाठी बरोबर निघाले. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. नुसतं अंगावरचं पांघरूण नीट केलं.

नगर गेलं. मग कुठल्याशा स्टेशनावर ताईंचा फोन वाजला. नवऱ्याचा असावा. ताईंनी वरूनच पाटी वाचली. "बेलापूर आलंय." पलीकडून काहीतरी मोठ्यानं ओरडलं गेलं. "अहो, मी काय करू? पाटीवर बेलापूरच लिहिलंय! नवी मुंबईत कशी येईन मी?" मग तलाठ्यांनी खालून हात वर करून फोन मागून घेतला आणि ताईंच्या नवऱ्याला समजावलं की श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर आहे, घाबरू नका, तुमच्या सौभाग्यवती योग्य मार्गावर आहेत. पुढं कोपरगावला ते स्वतः उतरले. खालचा बर्थ रिकामा होतोय हे ताईंच्या लक्षात यायच्या आत मी मधल्यातून खाली घसरलो होतो. माझेही गुडघे हल्ली जरा दुखतात.

मनमाडवाल्यांनी रात्री झोपताना एकूण चौघांना सांगून ठेवलं होतं, "मनमाडला उठवा हं, माझी झोप जड आहे." परिणाम असा की येवल्यापासून मी, आजी, ताई आणि बडनेरावाले असे चौघं टक्क जागे, आणि मनमाडवाले तेवढे घोरत पडलेले. मनमाडचे दिवे दिसताच चौघांनी त्यांना चार बाजूंनी हलवलं. यात माणुसकी होती, हे खरंच. पण ते गेले की आजींना डोक्यावरचा मधला बर्थ पाडून ताठ बसता येणार होतं, हेही तितकंच खरं.

"पुढचं ना?" डोळे मिटूनच ते म्हणाले.

"हेच! हेच!"

ते धडपडत उठले, बॅग ओढली, आणि बॅग आली नाही. कुलूप. किल्ली शर्टाच्या खिशात नव्हती. पँटीच्या खिशात नव्हती. उशाखाली नव्हती. पाकिटात नव्हती. गाडी उभी, चहावाला खिडकीतून हाका मारतोय, आणि मनमाडवाले साखळीला हिसके देताहेत. बडनेरावाल्यांनी साखळी तोडता येते का ते पाहिलं. ती खरोखरच उत्तम प्रतीची होती.

"करदोड्याला बघा की," आजी शांतपणे म्हणाल्या.

मनमाडवाल्यांचा हात कमरेला गेला. किल्ली करदोड्याला बांधलेली होती. ते कसं ठाऊक, असं मी आजींना नंतर विचारलं. "आमचं मालकबी हितंच बांधायचं," त्या म्हणाल्या, "आन् दर खेपंला घरभर हुडकायचं."

मनमाडनंतर उजाडू लागतं आणि डब्याची बोली बदलते. रात्री 'सरका की' होतं ते सकाळी "सरका ना भो" होतं. चाळीसगाव-पाचोऱ्यापासून अपडाऊनवाले चढतात. रोज जाऊन येऊन नोकरी करणारी ही मंडळी 'कुठवर' विचारत नाहीत. त्यांना तुमच्याबद्दल काडीचीही उत्सुकता नसते. झोपलेल्या माणसाचे पाय उचलून बाजूला ठेवायचे, मधे रुमाल पसरायचा आणि कालचा अर्धवट राहिलेला मेंढीकोटचा डाव पुढं सुरू करायचा. जळगाव-भुसावळला पत्ते गोळा करून उतरायचं. तुमच्या बर्थवर बसून तुम्हालाच "भाऊ, पाय घ्या ना वर, पान दिसत नाही" असं सांगणारी ही एकमेव जमात.

याच वेळी बेसिनपाशी रांग लागते. दात घासत उभा असलेला माणूस गप्प बसेल ही अपेक्षा व्यर्थ. तोंडात ब्रश, ओठांवर फेस, आणि तशाच अवस्थेत तो देशाच्या राजकारणावर मत देतो. त्याला उत्तर देणाऱ्याच्याही तोंडात ब्रश असतो. त्यामुळं भांडण होत नाही. कुणाला काही कळतच नाही. आरएसीचे दोघं मात्र वेगळ्याच प्रेमात पडले होते. काल पायावरून तंटा करणारे आता एका चादरीत गुडघे घालून एका पेल्यातला चहा पीत होते. जळगावला एक उतरला तेव्हा दुसरा सामान द्यायला दारापर्यंत गेला. आख्खा बर्थ मिळाल्याचा आनंद लपवत तो परत आला, पाय लांब केले आणि थोड्या वेळानं आजींना म्हणाला, "काही म्हणा, माणूस बरा होता."

भुसावळला ताई उतरल्या, मलकापूर गेलं, आणि मग शेगाव. गाडी शिरू लागली की डब्यातली निम्मी माणसं गजानन महाराजांना हात जोडतात आणि उरलेली निम्मी कचोरीसाठी सुट्टे पैसे काढतात. काही मुरलेले वऱ्हाडी दोन्ही एकदम करतात: डावा हात छातीशी, उजवा खिडकीबाहेर. आजींनी महाराजांना नमस्कार केला, कचोरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावून झाल्यावर निवाडा दिला, "बरी हाय. पर वाटण मिक्सरचं दिसतंय."

तेवढ्यात वरच्या बर्थवर हालचाल झाली. नागपूरवाला पोरगा कोल्हापूरपासून पहिल्यांदाच पूर्ण उठून बसला. त्यानं हेडफोन गळ्यात घेतले, खाली वाकला आणि म्हणाला, "आजी, त्या सातारावाल्या काकांनी सह्या घेतल्या असतील का हो?"

आम्ही सगळे वर बघत राहिलो. हेडफोनची वायर लोंबत होती आणि तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

"तू ऐकत हुतास व्हय रं?"

"सगळंच," तो लाजून म्हणाला. "पण ती विहीर सामाईक ठेवायला नको होती. पुढं भांडणं होतात."

आणि अकोल्यापर्यंतचा उरलेला वेळ विहिरीच्या फेरविचारात गेला.

शेगावला चढून माझ्या बर्थवर टेकलेले एक काका सुरुवातीलाच विचारून मोकळे झाले होते, "कुठी चाल्ले भाऊ?" 'अकोल्याले' म्हटल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली होती आणि पिशवी माझ्या पायाशी आणून ठेवली होती. गाडीचा वेग उतरला तशी ती पिशवी बर्थवर आली. मी बॅग काढायला उभा राहिलो तसे काका माझ्या जागी आले, आणि बॅग खांद्याला लावून खाली वाकेपर्यंत खिडकीला लागून आडवे झाले. पलीकडून एकानं विचारलं, "इथं कोणी हाय का?"

"कोनी नाई, या ना," आजींच्या शेजारची जागा दाखवत बडनेरावाले म्हणाले. "अकोलावाले होते आतापर्यंत. चांगला माणूस होता."

"व्हय," आजींनी दुजोरा दिला. "भाकरी लई आवडीनं खाल्ली बिचाऱ्यानं."

मी अजून तिथंच होतो, त्यांच्या पायाशी वाकून, पाट्यामागं गेलेली माझी दुसरी चप्पल शोधत.